झारा म्हणजे डावीकडे

दिलीप वर्तक ट्रेलर मागे घ्यायला लागले, की आमच्या कॅम्पिंगवरची, म्हणजे सुट्टीत कॅरॅव्हॅन लावून राहायच्या कुरणावरची, माणसं खुर्च्या बाहेर काढतात. खुर्च्या, कॉफीचे थर्मास, आणि भुरभुर असेल तर छत्र्यासुद्धा. प्रयोग मराठीतून असतो, प्रेक्षक सगळे डच. एक अक्षर कुणाला कळत नाही, पण मधूनच उठून कुणी जात नाही.

ट्रेलरच्या मागे, डाव्या अंगाला, त्यांची बायको रजनी उभी असते. अंगात रस्ते खणणाऱ्यांचं असतं तसं नारिंगी जाकीट. डाव्या हातात झारा, उजव्या हातात उलथनं.

"झारा! अरे झाऱ्याकडे! झारा म्हणजे डावीकडे!"

"माझ्या डावीकडे की तुझ्या?" खिडकीतून दिलीपरावांचं चष्मेवालं डोकं बाहेर येतं.

"झाऱ्याच्या डावीकडे, गाढवा!"

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी कॉफी कपातून बशीत आणि बशीतून मांडीवर आली. भर लोकांत, चारचौघांसमोर, पुण्याच्या चांगल्या घरातली बाई नवऱ्याला गाढव म्हणते? आणि तो वर "बरं बरं, आलं लक्षात" म्हणून हसतो? मी ह्यांच्याकडे पाहिलं. (हे म्हणजे माझे यजमान. बाकी सगळं जग त्यांना नाना म्हणतं. मी अजूनही 'हे'च म्हणते, जीभ वळत नाही त्याला काय करू!) हे शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे तिचं. झारा डावीकडेच आहे."

मला एवढा धक्का का बसावा, हे कळायला तुम्हाला तेव्हाची मी माहीत पाहिजे. लग्न होऊन नेदरलँड्समधल्या ब्रेडाला आले ती मी म्हणजे एक नमुनाच होते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, रस्त्यात आवाज चढवायचा नाही. आणि परक्या देशात तर नाहीच नाही, कारण माझ्या एका 'अहो'वरून हे लोक अख्ख्या महाराष्ट्राची परीक्षा करतील अशी माझी खात्री होती. ह्यांनी जुनी लाल गाडी घेतली. पहिल्याच शनिवारी बाजारात सायकलींच्या एका लांबलचक रांगेपुढे ती लावायची होती. "मागे उभी राहा आणि सांग," हे म्हणाले. मी उभी राहिले. पदर सारखा केला. गाडी मागे यायला लागली.

"अहो," मी म्हणाले. गळ्यातल्या मफलरला.

गाडी येतच होती.

"अहो, जरा..."

सायकली जवळ आल्या.

"अहो, मला वाटतं की..."

पहिली सायकल पडली. तिने दुसरीला पाडलं, दुसरीने तिसरीला, आणि मग ती सगळी रांग मोठ्या शिस्तीत आडवी होत होत कोपऱ्यापर्यंत गेली. आणि मी? मी शेजारच्या दुकानाच्या काचेसमोर उभी राहून टोप्या बघत होते. जणू त्या लाल गाडीतल्या गृहस्थांना मी आयुष्यात कधी पाहिलंच नव्हतं! ते एकटेच सायकली उचलत होते आणि मी मनाशी म्हणत होते, निदान मी ओरडले तरी नाही. टोप्या बघणारी ती पोरगी आज भेटली तर मी तिच्या हातात झारा देईन आणि म्हणेन, घे बाई, आधी घसा साफ कर.

तर सांगत होते दिलीपरावांचं.

हा माणूस आयुष्यभर ब्रेडातल्या एका माल वाहतुकीच्या कंपनीत होता. कुठला ट्रक कुठल्या दाराला लावायचा, कुठल्या डब्यात काय भरायचं, हे ठरवणं हे त्यांचं काम. निवृत्त झाले, पण काम त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. गणपतीला आमच्याकडे सगळे आपापला पदार्थ घेऊन येतात. दिलीपराव आले की आधी गणपतीला नमस्कार करतात आणि मग थेट फ्रिजकडे जातात. सगळ्यांचे डबे बाहेर काढून पुन्हा लावतात. "जड खाली, हलकं वर, आधी उतरायचं ते दाराशी." हा त्यांचा मंत्र. श्रीखंड शेवटी वाढायचं म्हणून ते असं खोल कोपऱ्यात जातं, की एका वर्षी आम्हाला ते दसऱ्याला सापडलं. पुण्याला जायचं असेल तर आमच्या बॅगाही त्यांनीच भरायच्या. ह्यांचे गुडघ्याचे पट्टे, माझ्या साड्या, नातेवाइकांची चॉकलेटं, सगळं ते विटा रचाव्या तसं रचतात. पुण्यात बॅग उघडली की पुन्हा म्हणून बंद होत नाही.

त्यांचा दुसरा मंत्र: "घाई कुणाला आहे?" सिग्नल हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजवतोय, तरी "घाई कुणाला आहे?" आणि शेजारी बसलेली रजनी दर वेळी, न चुकता, "मला आहे!"

ही रजनी मुळातली बोलकी. एवढी, की तिचा फोन आला की मी आधी गॅस बंद करायची. आणि मग एका वर्षी ती बोलायचीच थांबली. फोन उचलेना. भेटली तर "हं", "नको", "बरंय". मी मनाशी हिशेब मांडला, की गणपतीत मी तिच्या उकडीच्या मोदकांना 'छान' न म्हणता 'बरे झालेत' म्हटलं होतं, ते हिने मनाला लावून घेतलं. मग मीही फुगून बसले. एवढी आजीबाई झाले तरी माझ्या जगाच्या मधोमध मीच बसलेली असते, हे माझं जुनं दुखणं आहे.

मोदकांचा काही संबंध नव्हता. पुण्याला तिची थोरली बहीण गेली होती. आई लवकर गेली, तेव्हा त्या बहिणीनेच रजनीला वाढवलेलं. वेण्या घातल्या, परीक्षेला सोडायला गेली, इकडे पाठवताना विमानतळावर तिनेच पाठवणी केली. आणि ती गेली तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद होती. अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर, आणि ते चित्रही मध्येच अडकून बसलेलं. रजनीने फोन उपडा ठेवला आणि तिचं बोलणं संपलं. रडणंही नाही. घरात दोघंच. दिलीपराव विचारायचे, चहा करू? ती म्हणायची, हं. दिवसाचा संवाद एवढाच.

डॉक्टरांनी सांगितलं, बाहेर पडा, जरा मोकळी हवा घ्या. आता मोकळ्या हवेसाठी साधा माणूस काय करेल? संध्याकाळी तळ्याकाठी एक फेरी मारेल. दिलीपरावांनी फिफ्थ व्हील घेतला.

फिफ्थ व्हील म्हणजे काय ते मलाही माहीत नव्हतं. नेहमीची कॅरॅव्हॅन मोटारीच्या मागे आकड्याला अडकवतात आणि ती निमूटपणे मागून येते. हे प्रकरण तसं नव्हे. याची मान बगळ्यासारखी पुढे आलेली असते, आणि ती मान पिकअप ट्रकच्या पाठीवर जाऊन बसते. ट्रकच्या हौद्यात एक जाडजूड लोखंडी चकती, तिला जबडा. ट्रेलरच्या मानेखाली एक खिळा. खिळा जबड्यात गेला की खटॅक! आमच्या कॅम्पिंगवर असा हा एकच. आत पलंग, ओटा, न्हाणीघर आणि दिलीपरावांनी रचलेली भांडी. "आमच्या यार्डातल्या ट्रेलरांचं हे शेंडेफळ," ते कौतुकाने म्हणाले. मी ते धूड पाहिलं आणि म्हणाले, "दिलीपराव, शेंडेफळ एवढं, तर थोरला केवढा असेल?"

पण एक झालं. ज्या उन्हाळ्यात ट्रेलर आला, त्याच उन्हाळ्यात रजनीचा आवाज परत आला. आम्ही सगळे म्हणालो, चला, हवा मानवली.

आवाज आला तो असा आला, की झीलंडच्या या शेतावरच्या कॅम्पिंगवर पलीकडच्या कुरणातल्या गाई माना वर करतात. नुसतं मागे घेणंच नव्हे, ट्रकला ट्रेलर जोडणं हाही एक स्वतंत्र अंक असतो. रजनी हौद्याशी उभी, दिलीपराव ट्रक मागे आणतायत.

"ये... ये... ट्रेलर दोन बोटं खाली हवा!"

"कुणाची बोटं? माझी की तुझी?"

"तुझ्या बापाची!"

मी "अगं बाई" म्हणून कानांवर हात ठेवले. म्हणजे ठेवल्यासारखे केले, बोटं फाकवून. माझी नात ग्रोनिंगनला शिकते, ती एकदा सुट्टीत आली होती. दहा मिनिटं बघून म्हणाली, "आजी, दॅट्स सो टॉक्सिक." आणि खुर्ची पुढे ओढली.

झारा आणि उलथनं हा शोध रजनीचा. तिचं शास्त्र असं, की डावं-उजवं आरशात बघितलं तर एक आणि खिडकीतून मान वळवून बघितलं तर दुसरं, पण झारा कुठूनही बघा, झाराच राहतो. दिलीपरावांना एवढंच करायचं, की ती झारा हलवेल तिकडे ट्रेलरचं ढुंगण न्यायचं. आणि सगळ्यात मोठा नियम: "मी आरशात दिसेनाशी झाले की ब्रेक. मी दिसत नसेन तर मी चाकाखाली गेले असं समज."

आता सांगा, यात न समजण्यासारखं काय आहे? पण दर उन्हाळ्यात तेच. झारा हलतो, ट्रेलर उलथन्याकडे जातो. पुढे घे, मागे घे. डच मंडळी कॉफीचा दुसरा कप ओततात. दिलीपराव खिडकीतून म्हणतात, "घाई कुणाला आहे?" आणि कुरणातल्या गाईंपर्यंत उत्तर जातं, "मला आहे!"

या वर्षी मात्र वेगळंच झालं. शुक्रवारी वर्तक आले ते पावसातच. इतका वेळ गेला, इतका वेळ गेला, की प्रेक्षकही खुर्च्या मिटून आत गेले. शेवटी ट्रेलर एकदाचा वाकडातिकडा उभा राहिला, तेव्हा रजनीच्या जाकिटातून पाणी गळत होतं आणि ती ओरडत नव्हती. हळू आवाजात बोलत होती. ते जास्त भयंकर.

"विकून टाक हा डबा," ती म्हणाली. "माझं वय झालं. पुढच्या वर्षी मी येणार नाही. तुझं तू ये, तुझं तू मागे घे."

 झारा तिच्या हातातून घेऊन दिलीपरावांनी पुसला.

रात्रभर माझ्या डोक्यात तेच. हातपाय चालतायत तोवर ही दोघं एका लोखंडी डब्यापायी एकमेकांना सोडतील! सुदैवाने आम्ही उपाय बरोबरच आणला होता. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून ह्यांनी मागे बघायचा कॅमेरा घेतला होता, बिनतारी. ह्यांचा यंत्रांवर फार विश्वास. आमच्या छोट्या कॅरॅव्हॅनच्या चाकांना मोटर बसवलेली आहे. हे हातात रिमोट घेऊन तिच्यापुढे चालतात आणि ती गरीब गाईसारखी मागून येते. आमच्याकडे बघायला कुणी खुर्ची काढत नाही.

सकाळी उजाडताच ह्यांनी जाऊन तो कॅमेरा ट्रेलरच्या पाठीवर चिकटवला आणि छोटा पडदा ट्रकमध्ये बसवून दिला. "आता वहिनींना उभं राहायलाच नको! आत बसून चहा घेऊ देत," हे म्हणाले.

दिलीपराव म्हणाले, "छान आहे." पण मी त्यांच्याकडे बघत होते. एखाद्याला मिठाईचा डबा द्यावा आणि त्याला साखरेचं दुखणं असावं, तसा चेहरा. मला जरा रागच आला. एवढा महाग कॅमेरा!

मग हे आणि रजनी सायकली काढून गावात पाव आणायला गेले. मी गाऊनवर स्वेटर चढवून, तोंडात ब्रश धरून न्हाणीघराकडे निघाले. तिथे कळलं, की रात्रीच्या पावसाने गटार तुंबलंय. गटाराचं झाकण कुठे? वर्तकांच्या ट्रेलरच्या पोटाखाली. उपसायची गाडी आलेली, इंजिन चालू, माणूस घड्याळ बघतोय. कॅम्पिंगचा मालक, हा मूळचा शेतकरी, दिलीपरावांना सांगत होता की ट्रेलर शेजारच्या जागेत घ्या, आत्ताच्या आत्ता.

"माझी बायको बाहेर गेलीये," दिलीपराव म्हणाले. "ती आली की घेतो."

"कधी येणार?"

"येईल. घाई..." आणि गाडीवाल्याकडे बघून त्यांनी वाक्य गिळलं.

मी मनात म्हटलं, झालं. आता ना झारा, ना उलथनं. हा माणूस मालकाच्या कोठारात शिरणार.

दिलीपरावांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग ट्रकमध्ये बसले. ट्रक मागे आला तो नाकासमोर, न अडखळता. खटॅक. ते उतरले, वाकून जबडा बघितला, वायर जोडली, साखळी अडकवली, ट्रेलरचे पाय वर घेतले, जरासं पुढे ओढून बघितलं. हे सगळं मी कपाटातून चहाचा डबा काढते तितक्या सहज. मग वाटेवरच्या चिनाराच्या झाडाला वळसा घालून आले, थांबले, आणि स्टिअरिंगच्या तळाशी एक हात ठेवून, हो, एकच हात, दुसरा खिडकीवर, ते अख्खं धूड त्यांनी शेजारच्या जागेच्या तोंडाशी रोवलेल्या दोन खांबांच्या मधून मागे आणलं आणि त्या जागेत लावलं. एका दमात. पडद्याकडे एकदाही बघितलं नाही. दोन्ही खांबांपासून सारखं अंतर. मोजून घ्या.

माझा ब्रश गवतात पडला.

"दिलीपराव!"

त्यांनी दचकून पाहिलं. चोरी पकडली गेलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

"वहिनी," ते खाली उतरून म्हणाले, "यार्डात ड्रायव्हर कमी पडले की ट्रेलर दाराला मीच लावायचो. एवढे मोठाले."

"मग... मग हे इतकी वर्षं जे चाललंय..." तोंडात फेस असताना माणसाला रागावता येत नाही, म्हणून मी तो आधी थुंकले. "ती बिचारी पावसात उभी राहते! घसा बसतो तिचा!"

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"पहिल्यांदा खरंच चुकलो हो. यार्डात फरशी, इथे ओलं गवत. त्या वाटेवर डावीकडे पाण्याचा चर आहे ना, चाक त्याच्या काठाशी गेलं. ही हात बांधून नुसती उभी. कित्येक महिन्यांत धड एक वाक्य बोलली नव्हती. आणि एकदम ओरडली, 'थांब मेल्या, बुडवतोस का दोघांना?'" ते हसले. "मी थांबलो. मग खिडकीतून विचारलं, काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

"आलं होतं?"

"शेजारच्या गावाला आलं असेल. पण ती पुन्हा ओरडली. मी पुन्हा चुकलो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला बोलत होती. जेवतानाही, तू असा आणि तू तसा. आणि बोलता बोलता मध्येच तिच्या ताईचं काहीतरी निघालं. ताई कशी सायकल शिकवायला मागून धावायची, आणि अशीच ओरडायची. मग रडली. तोवर रडली नव्हती, वहिनी." चष्मा पुसून झाला होता, तरी ते पुसत होते. "सांगा आता, मी सरळ कसा लावणार?"

मी गवतातला ब्रश उचलला आणि गाऊनला पुसला. 

"तुमचा कॅमेरा चांगला आहे," ते म्हणाले. "नानांना सांगू नका, पण फारच चांगला आहे."

"पण ती विकायचं म्हणते ना?"

"तीच काळजी आहे. काल जरा जास्त झालं. फार चुकलं की ती थकते, कमी चुकलं की गप्प बसते. प्रमाण सांभाळावं लागतं." जन्मभर मालाचं वजन सांभाळलेल्या माणसाचं ते बोलणं होतं. "आणि आता हे असं सरळ लावलेलं बघितलं, म्हणजे..."

रस्त्यावर सायकलची घंटा वाजली.

त्या वयाच्या माणसाला इतक्या चपळाईने ट्रकमध्ये चढताना मी पाहिलेलं नाही. "वहिनी, तुम्ही काही बघितलं नाहीत!" ट्रक ट्रेलरसकट आल्या वाटेने बाहेर पडला, चिनाराला वळसा घालून परत आला आणि दोन खांबांसमोर असा काही तिरका घुसला, की एक खांब पाठीशी, दुसरा दाराशी. मग हॉर्न. "रजनी! अगं ये लवकर! अडकलो!"

मालक माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "हा काय करतोय?" त्याने डचमध्ये विचारलं.

"ट्रेलर लावतोय," मी म्हणाले.

"पण लावला होता ना?"

"हो."

त्याने थोडा विचार केला. मग एक बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसला.

रजनीने सायकल सोडली ती सरळ कुंपणावर. "तुला कुणी सांगितलं होतं एकट्याने हात लावायला? पाच मिनिटं म्हणून बाहेर जायची सोय नाही!" झारा आणि उलथनं ट्रेलरच्या खणात, ट्रेलर खांबांत. तिने इकडेतिकडे पाहिलं, ह्यांच्या पिशवीतून लांबलचक पाव उपसला आणि डाव्या हातात उगारला. "हा पाव म्हणजे झारा! कळलं?"

"आणि उलथनं?"

"उलथन्याचं मी बघते! पुढे घे आधी!"

आजूबाजूची दारं उघडली, खुर्च्या आल्या. हे पिशवी घेऊन माझ्याजवळ आले आणि खट्टू होऊन म्हणाले, "कॅमेरा चालत नाही की काय?"

"अहो, गप्प बसा," मी म्हणाले.

रजनी पाव हलवत, ट्रेलरवर नजर ठेवून, उलट्या पावलांनी त्या शेजारच्या जागेत शिरत होती. "ये... ये... पावाकडे... अरे पावाकडे..." आणि अंदाज घ्यायला तिने खाली पाहिलं.

ओरडणं थांबलं.

मीही पाहिलं. त्या जागेतलं गवत पावसाने आणि दवाने पांढुरकं झालं होतं, आणि त्या गवतात, खांबांपासून थेट मागच्या कुंपणापर्यंत, भांग पाडावा तशा चाकांच्या सरळ रेघा उमटल्या होत्या. कुठे पुढे घेतल्याची खूण नाही, कुठे वळण नाही. जिथे ट्रेलर अजून पोहोचलाच नव्हता, तिथे तो आधीच जाऊन आला होता.

रजनीचा पाव खाली आला. ती त्या रेघांकडे बघत राहिली. कुंपणापासून खांबांपर्यंत, खांबांपासून वाटेपर्यंत, वाटेपासून चिनारापर्यंत. बऱ्याच वर्षांच्या रेघा बघत असल्यासारखी.

ट्रक थांबला होता. आरशात दिलीपरावांचा चेहरा दिसत होता. ते खिडकीतून डोकं बाहेर काढत नव्हते, माझ्या की तुझ्या विचारत नव्हते. रजनी गप्प होती, आणि तो माणूस स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता. इतका घाबरलेला ड्रायव्हर मी आमच्या लाल गाडीतही पाहिला नव्हता.

उपसायची गाडी तेवढी घरघरत होती.

मग रजनीने एक पाऊल सरकून त्यातल्या एका रेघेवर पाय घट्ट रोवले. नाक ओढलं. पाव वर केला.

"थांबलास का? दिसतेय ना मी आरशात?"

"दिसतेस," आतून आवाज आला. अगदी बारीक.

"मग ये की! पावाकडे, गाढवा! पाव म्हणजे डावीकडे!" पलीकडच्या गाईंनी माना वर केल्या. तिने घसा साफ केला आणि त्यापेक्षा जरा खालच्या पट्टीत म्हणाली, "आणि सावकाश ये. घाई कुणाला आहे?"

ट्रेलर हळूहळू, अगदी बेताने, उजवीकडे वळला.